चौथा वक्ता

परवा नातीबरोबर नगरला गेले होते. रविवारी तिथं धावण्याची मोठी स्पर्धा होती आणि आदल्या दिवशी जाऊन तिचा नंबर घेऊन यायचा होता. मला वाटलं, खिडकीतून नंबर घेतला की परत. ती म्हणाली, "आजी, तसं नसतं. एक्स्पो असतो." एक्स्पो म्हणजे एक भला मोठा मांडव. बुटांचे गाळे, कसल्या कसल्या पावडरींचे डबे, पोटऱ्या चोळून देणारी मुलं, अंगातली चरबी सांगणारं यंत्र, आणि एका टोकाला व्यासपीठ. त्यावर पाहुणे बोलत होते. काय खावं, पाणी कधी प्यावं, छाती कशी भरून घ्यावी. पाय दुखायला लागले म्हणून मी तिथल्या खुर्चीवर टेकले. पुढच्या रांगेत एक सावळी, काटक मुलगी हातात दोन-चार कागद धरून बसली होती. तिचे ओठ हलत होते. पाठ केलेलं आठवून बघत असावी. तेवढ्यात निवेदिका माईकवर आली आणि गोड आवाजात म्हणाली, "वेळेअभावी पुढचं सत्र आपण रद्द करत आहोत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रद्द झाल्याच्याही टाळ्या वाजवतात लोक. त्या मुलीनं कागदांची घडी घातली आणि पिशवीत टाकली.

मी ताडकन उठून उभी राहिले. नात घाबरली. "आजी, काय झालं? ओळखतेस का तिला?"

त्या मुलीला मी ओळखत नव्हते. निवेदिकेला ओळखत होते. 'वेळेअभावी' हा शब्द मी वापरलेला आहे. तसाच, तेवढ्याच गोड आवाजात.

पन्नासहून जास्त वर्षं झाली. दुष्काळ सरल्यानंतरचा पहिला हिवाळा होता. अकोले तालुक्याच्या डोंगरात, राजूरच्याही पलीकडे एका गावात मी शाळेत शिकवत होते. तेविशी नुकतीच ओलांडली होती. बाजाराला जायचं तर राजूर, दवाखान्याला जायचं तर राजूर, पोस्टात जायचं तरी राजूर. पण थंडी मात्र आमची आमच्यापाशीच होती. सकाळी हंड्यातल्या पाण्यात हात घातला की कोपरापर्यंत कळ जायची. भाताची मळणी उरकलेली असायची, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या उभ्या असायच्या आणि त्यांच्या आडोशाला उन्हं खात म्हातारी माणसं बसलेली असायची. त्या वर्षी तर नव्या तांदळाच्या भाताचा वास घराघरातून असा यायचा, की आदल्या वर्षी रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या गिळलेली माणसं दारात उभी राहून नुसता वासच घ्यायची. मुलांच्या गालांवर पांढऱ्या चिरा पडलेल्या असायच्या. शाळेत हजेरी घेताना प्रत्येकाच्या 'हजर'बरोबर तोंडातून वाफ निघायची. हे सगळं मला अजून आवडतं. त्या हिवाळ्यातलं एवढं सोडलं तर बाकीचं आठवलं की आजही संताप होतो.

दुष्काळी कामावर आमच्या गावापासून खिंडीपर्यंत रस्ता झाला होता. गावातल्या बायकांनी उन्हात बसून त्याची खडी फोडली होती. रस्ता पुरा झाल्यावर गावातले वजनदार गृहस्थ अण्णासाहेब यांच्या मनात आलं, की या रस्त्यावर धावण्याची शर्यत घ्यावी. गावातून निघायचं, खिंडीतल्या देवीला हात लावायचा आणि परत यायचं. नुसती शर्यत नाही, तर शाळेच्या पटांगणावर प्रदर्शन, खेळ, व्याख्यानं. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणते. आजूबाजूच्या वाड्यांवरच्या पोरांना धावण्याखेरीज दुसरं काय येत होतं? चढ-उतार त्यांच्या पायातच होते. किसन नावाचा विशीतला एक तरुण तर रोज पहाटे खिंडीपर्यंत जाऊन यायचा. नुकतंच लग्न झालेलं, जमीन अगदी तुकडाभर, आणि पोलीस भरतीत जायचं एवढंच डोक्यात. "बाई, भरतीला दोन-तीन मैलच धावाया लावत्यात. इथं जितलो तर तिथं काय अवघड न्हाई," असं तो मला म्हणाला होता.

माझ्याकडे माईकवर बोलायचं काम आलं, कारण माझा आवाज खणखणीत होता आणि उच्चार शुद्ध होते. व्याख्यानं कोणाची ठेवायची हे ठरवायला समिती बसली. तालुक्याचे एक डॉक्टर आहारावर बोलणार. एक निवृत्त सुभेदार शिस्तीवर बोलणार. प्रमुख पाहुणे खेळाच्या राष्ट्रीय महत्त्वावर बोलणार. मी म्हटलं, "आणि गोमाबाबा?"

गोमाबाबा हे टपालाचे जुने रनर. राजूरहून टपालाची पिशवी खांद्यावर घेऊन ते डोंगरातल्या गावांना पळत जायचे. हातातल्या काठीला घुंगरं बांधलेली असायची, म्हणजे जनावर वाटेतून बाजूला व्हावं. बावीस वर्षं त्यांनी हे केलं होतं. नवा रस्ता झाला तो त्यांच्याच पायवाटेवरून. ज्या माणसाचा सगळा जन्म त्या चढावर धावण्यात गेला, त्यानं धावणाऱ्या पोरांशी बोलू नये तर कोणी बोलावं?

समितीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. अण्णासाहेब म्हणाले, "असू द्या. शेवटी पाच-दहा मिनिटं देऊ." मग गुलाबी कागदावर पत्रकं छापून आली. पहिल्या तीन नावांपुढे त्यांच्या पदव्या, हुद्दे, दोन-दोन ओळी. चौथ्या ठिकाणी बारीक टायपात 'श्री. गोमा (स्थानिक)'. आडनाव कुणी विचारलंच नव्हतं. आणि स्थानिक म्हणजे काय? त्या रस्त्यावर धावण्याबद्दल बोलायला स्थानिक माणसाहून मोठा अधिकार कोणाचा असतो? पण हे मला आज सुचतं. तेव्हा मी ते पत्रक आनंदानं घेऊन त्यांच्या झोपडीवर गेले होते.

"भाषान? मी?" ते हसले. अंगणात वरई पाखडणारी त्यांची सूनही हसली. "मला पळता येतं बाई, बोलता न्हाई येत."

"पळण्याबद्दलच बोलायचंय, बाबा."

त्यांनी पत्रक हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "त्या वाटंबद्दल बोलू का? रस्ता नवा हाय, पर वळनं माझीच हायती."

"त्याबद्दलच बोला."

"किती येळ?"

"दहा मिनिटं."

"धा मिन्टात मी आंब्याच्या पान्यापतूर पोचायचो," ते म्हणाले. आंब्याचं पाणी म्हणजे खिंडीच्या वाटेवरचा झरा. त्या हिशेबानं दहा मिनिटं त्यांच्या ध्यानात बसली. पुढचे चार दिवस ते रोज संध्याकाळी शाळेच्या पायरीवर यायचे. आधी काय सांगू, पाण्याचं सांगू का चढाचं सांगू, पोरं हसतील का, असं विचारून जायचे. मी म्हणायचे, तुम्हाला वाटेल ते सांगा.

शर्यतीच्या दिवशी पटांगण फुललं होतं. एका मांडवात सुधारित बियाणं काचेच्या बरण्यांत मांडलं होतं. दुसऱ्यात आरोग्याचं प्रदर्शन होतं. तिथं माणसाच्या सांगाड्याचं पुरुषभर उंचीचं चित्र टांगलेलं, एकेका हाडापुढे बाण काढून नाव लिहिलेलं. एका टॉनिकच्या कंपनीनं गाळा लावला होता आणि तिचा माणूस चमच्या-चमच्यानं टॉनिक चाखायला देत होता. ते गोड होतं म्हणून पोरं पुन्हा पुन्हा रांगेत लागत होती. माझ्या वर्गातल्या मुलींनी लेझीम केली. बायकांची रस्सीखेच झाली. खडी फोडणाऱ्या बायका विरुद्ध बाकीच्या, अशी. खडीवाल्यांनी पहिल्याच हिसक्याला समोरच्यांना ओढून आणलं आणि मग दोर टाकून पोट धरून हसल्या. त्या दिवसातलं एवढंच निर्मळ होतं.

शर्यत नऊला सुटायची होती. व्याख्यानं आठला. साठ-सत्तर तरुण उपाशीपोटी, छातीवर टाचणीनं कागदाचे नंबर लावून मांडवासमोर जमिनीवर बसले होते. गोमाबाबा सात वाजल्यापासूनच येऊन बसले होते. पांढरंशुभ्र धुतलेलं पागोटं, कोट कुणाचा तरी मागून आणलेला, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. त्यांना खुर्ची दिली ती व्यासपीठाच्या खाली, कडेला.

आठ वाजले. नऊ वाजले. प्रमुख पाहुणे आले नाहीत. मी अण्णासाहेबांना म्हटलं, "निदान गोमाबाबांना तरी बोलू द्या. तेवढा वेळ सत्कारणी लागेल."

"पाहुण्यांच्या आधी? कसं दिसेल ते, बाई?"

साडेदहाला जीप आली. मग हार. मग स्वागतगीत, ते मीच बसवलं होतं. मग डॉक्टर बोलले. रोज दूध, अंडी, मोसंबी घ्यावी, असं त्यांनी त्या पोरांना सांगितलं. आदल्या वर्षी मिलोवर जगलेली पोरं माना डोलावत होती. सुभेदार शिस्तीवर इतकं बोलले, की त्यांना आवरायला मला दोनदा चिठ्ठी पाठवावी लागली. पाहुण्यांनी तर आपल्या लहानपणापासून सुरुवात केली. ऊन चढत गेलं. पोरांनी डोक्यावर सदरे ओढून घेतले. किसन दर थोड्या वेळानं उठून पाय मोकळे करायचा आणि कोणीतरी त्याला दटावून खाली बसवायचं.

पाहुण्यांचं संपलं तेव्हा बारा वाजायला आले होते. मी माईककडे निघाले. गोमाबाबांनी मला उठताना पाहिलं आणि ओळखलं, की आता आपलं नाव. ते उभे राहिले. व्यासपीठावर चढायचं म्हणून त्यांनी वहाणा काढल्या आणि खुर्चीखाली नीट जोडीनं ठेवल्या.

तेवढ्यात अण्णासाहेबांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. 'गोमाचे राहू द्या. पाहुण्यांना जेवायला जायचे आहे. शर्यत सोडा.'

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. माईक माझ्या हातात होता. एक नाव घ्यायचं होतं. अण्णासाहेब मला व्यासपीठावरून ढकलून देणार नव्हते. पण नोकरी नवी, गाव परकं, आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांनी नुकतंच माझ्या सूत्रसंचालनाचं कौतुक केलं होतं. मी म्हणाले, "वेळेअभावी आपण आता थेट शर्यतीकडे वळू या."

टाळ्या पडल्या. पोरं उसळून उठली. गोमाबाबा तसेच अनवाणी उभे होते. मग त्यांनी वाकून वहाणा घेतल्या, पायात सरकवल्या आणि गर्दीतून वाट काढत रस्त्याला लागले. त्यांचं घरही त्याच रस्त्यावर होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

शर्यत सुटली. पाहुण्यांनी शिट्टी वाजवली आणि जीपमध्ये बसून जेवायला गेले. डॉक्टरही त्याच जीपमधून गेले. गावात त्या दिवशी तेवढी एकच गाडी होती.

तासाभरानं एकेक धावणारा परत येऊ लागला. पहिला आला, दुसरा आला. किसन नव्हता. खिंडीला तो सगळ्यांच्या पुढे होता असं परत आलेले सांगत होते. एकाचा श्वास जरा खाली बसल्यावर तो म्हणाला, "किसन पडलाय. खालच्या वळनावर. पाय गेलाय त्याचा." मी विचारलं, तू थांबला नाहीस का? तो छातीवरच्या नंबराची टाचणी काढू लागला. त्याला तरी काय म्हणायचं? त्याला नंबर हवा होता.

आम्ही निघायच्या आतच वळणावरून गोमाबाबा येताना दिसले. किसन त्यांच्या पाठीवर होता. साठी उलटलेला माणूस, पाठीवर विशीतला गडी, आणि सावकाश, न चुकणाऱ्या पावलांनी ते येत होते. अंगात कोट नव्हता. डोक्याला पागोटं नव्हतं. ते फाडून त्यांनी किसनच्या नडगीला दोन्हीकडून बांबूच्या कांबी लावून घट्ट बांधलं होतं.

"डागदर कुठंय?" त्यांनी विचारलं.

 आरोग्याच्या मांडवात ते सांगाड्याचं चित्र वाऱ्यानं हलत होतं. दोनशे-दोनशे हाडांची नावं तिथं लिहिली होती आणि एक मोडलेलं हाड बसवणारा माणूस पटांगणात नव्हता. प्रथमोपचाराच्या पेटीत आयोडीनची बाटली, कापूस आणि कात्री. टॉनिकवाल्यानं चमचा पुढे केला. मी त्याच्या हातातून चमचा काढून घेतला एवढं मला आठवतं.

आणि याच वेळी अण्णासाहेब माईकवर गेले. "पाहा मंडळी," ते म्हणाले, "आमच्या ग्रामीण माणसाची सेवावृत्ती! गोमाचा आपण इथंच सत्कार करू या." कोणीतरी पाहुण्यांचा उरलेला हार आणि नारळ आणला. फोटोवाला पुढे सरसावला. गोमाबाबांनी किसनला बाकावर निजवलं, त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि हार घेऊन आलेल्याला म्हणाले, "गाडी जुपा आधी. बैलगाडी. न्हाईतर व्हा बाजूला."

बैलगाडीनं राजूरला पोचेपर्यंत अंधार पडला. पुढे दोन महिने किसन घरात पडून होता. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. भरतीचा विषय संपला. पुढे त्यानं पिठाच्या गिरणीवर काम धरलं. त्याच्या बायकोनं कोणाला दोष दिला नाही. नशीब म्हणाली. मला तो शब्द असह्य होतो. नशिबानं काय केलं होतं? उपाशी पोरांना चार तास उन्हात नशिबानं बसवलं होतं? जीप नशिबानं नेली होती? समितीच्या पुढच्या बैठकीत मी हे बोलले. माझा आवाज तेव्हाही खणखणीत होता. अण्णासाहेब शांतपणे म्हणाले, "बाई, कार्यक्रम म्हटला की थोडं इकडंतिकडं होतंच." बाकीच्यांनी चहाच्या बशा तोंडाला लावल्या. इतिवृत्तात लिहिलं गेलं, की सोहळा उत्साहात पार पडला. शर्यत पुढच्या वर्षी झाली नाही. माझी मात्र जूनमध्ये बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

पण बदलीच्या आधी, शर्यतीनंतर पंधरा-वीस दिवसांनी मी एकदा गोमाबाबांकडे गेले होते. तोपर्यंत जायचं धाडस झालं नव्हतं. सकाळची वेळ होती. ते अंगणात शेकोटीपाशी बसले होते. मी वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. अण्णासाहेब कसे वागले, पाहुणे कसे वागले, मला चिठ्ठी कशी दिली. ते सगळं मी तावातावानं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. एक काटकी मोडून आगीत टाकली.

"त्या पावन्याला मी ठावं हुतो का, बाई?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आन्नासायबाला माझं ऐकायचं हुतं का?"

"नाही."

"मंग त्यांच्यावर कशाला रागवू? त्यांनी मला बोलावलं न्हवतं. तुमी बोलावलं. माझं नाव तुमच्या तोंडात हुतं. तुमी घेतलं न्हाई."

ते ओरडून बोलले असते तर सोपं गेलं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर ते सुनेला म्हणाले, "च्या टाक," पण माझी समजूत घातली नाही. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. एवढा वेळ मी जो राग दुसऱ्यांच्या दारात नेऊन ठेवत होते, तो त्यांनी उचलून माझ्यापुढे ठेवला होता, आणि तो माझाच होता.

काळा चहा पिऊन झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, तुम्ही काय सांगणार होतात ते मला सांगा."

"आता कुनासाठी?"

"मला ऐकायचंय."

त्यांनी शेकोटीतले निखारे राखेखाली लोटले. मला वाटलं, आता हे उठून आत जातील. ते उठले, पण काठी घेऊन रस्त्याकडे वळले. "बसून न्हाई सांगता येत," ते म्हणाले. "चला."

आम्ही खिंडीच्या बाजूनं निघालो. गवतावरचं दव अजून वाळलं नव्हतं. ते चालत चालत सांगत होते. या चढाला पाऊल लहान टाकायचं, टाच टेकू द्यायची न्हाई. इथं आंब्याचं पानी लागतं, पर घामाच्या अंगानं प्यायचं न्हाई, नुसतं तोंड भिजवायचं. इथं वारा समोरून येतो, मान खाली घालायची. कोणत्याही वक्त्याचं भाषण मी इतकं मन लावून ऐकलेलं नाही. खिंडीतून परत उतरताना खालचं वळण आलं तसे ते थांबले. रस्त्याच्या कडेला मोकळा मुरूम होता आणि त्यावर कोणाचा तरी पाय घसरल्याची लांब रेघ अजून दिसत होती.

"हितं आतल्या अंगानं यायचं," ते म्हणाले. "भायेरच्या अंगाला मुरूम सुटतो. कितीबी दाबला तरी सुटतो. मी दोनदा पडलोय हितं, म्हनून ठावं."

एवढंच वाक्य होतं. साठ-सत्तर पोरं समोर बसलेली असताना ते बोलायला त्यांना किती वेळ लागला असता? मी त्या रेघेकडे बघत उभी राहिले. 

गोमाबाबा चार पावलं पुढे गेले होते. मी येत नाही असं पाहून ते मागे वळले आणि म्हणाले, "चला बाई. अजून संपलं न्हाई माझं."